डोबीची किंमत : न्यूआर्क ईगल्सचं प्रकरण, १९४६ ते १९४८

न्यू जर्सीत कुणीच ओळखीचं नाही असं मराठी घर आता शोधावं लागेल. तिकडे जाणाऱ्याला न्यूआर्क ठाऊक असतं ते विमानतळामुळे. याच शहरातल्या आयर्नबाउंड नावाच्या वस्तीत पूर्वी बेसबॉलचं एक मैदान होतं, रूपर्ट स्टेडियम. २९ सप्टेंबर १९४६ रोजी तिथे न्यूआर्क ईगल्सने कॅन्सस सिटी मोनार्क्सला सातव्या आणि निर्णायक सामन्यात ३-२ असं हरवलं आणि कृष्णवर्णीय संघांची त्या वर्षीची अजिंक्यपदाची मालिका जिंकली. त्या मोसमात ईगल्सच्या घरच्या सामन्यांना सुमारे १ लाख २० हजार माणसं आली होती. पुढच्या वर्षी ५७ हजार आली. १९४८ मध्ये ३५ हजार. त्या मोसमानंतर मालकांनी संघ विकला आणि तो न्यूआर्क सोडून ह्यूस्टनला गेला.

खेळ बिघडला म्हणून असं झालं नाही. या दोन वर्षांत अमेरिकेच्या बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पडली, सगळ्या कृष्णवर्णीय समाजाला हवी होती तशी पडली, आणि ईगल्स तिच्याखाली सापडले. ही भिंत ओलांडून मोठ्या लीगमध्ये खेळलेल्या जॅकी रॉबिन्सनची गोष्ट जगभर सांगितली जाते आणि सांगायलाच हवी. मला इथे तीच गोष्ट ईगल्सच्या हिशेबाच्या वहीतून मांडायची आहे, कारण त्या वहीत एक येणं राहून गेलं आहे. ते कधीच वसूल झालं नाही.

याच गावात, साठ वर्षं आधी

भिंत उभी राहिली तेव्हाही न्यूआर्क तिथे होतं. १८८७ मध्ये न्यूआर्कच्या लिटल जायंट्स संघात जॉर्ज स्टोव्ही हा कृष्णवर्णीय पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता आणि त्याचे चेंडू झेलायला मोझेस फ्लीटवुड वॉकर. स्टोव्हीने त्या मोसमात संघाला ३० हून जास्त सामने जिंकून दिले. १४ जुलैला शिकागोचा नामवंत संघ न्यूआर्कमध्ये प्रदर्शनी सामना खेळायला आला. त्यांचा कर्णधार कॅप ॲन्सन स्टोव्हीसमोर खेळायला तयार नव्हता, आणि स्टोव्हीला बाहेर बसवण्यात आलं. त्याच दिवशी न्यूआर्क ज्या लीगमध्ये खेळायचं तिच्या मालकांनी ठराव केला की यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत. पुढच्या काही वर्षांत ही प्रथा सगळ्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये पसरली. वरच्या दोन लीगमध्ये तर असा नियम कुठे लिहिलेलाही नव्हता. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पाणवठ्यावर पाटी नसली तरी कुणी कुठे थांबायचं हे गावाला माहीत असतं.

मग कृष्णवर्णीयांनी आपलं बेसबॉल आपण उभं केलं. १९२० मध्ये रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने कॅन्सस सिटीत नीग्रो नॅशनल लीग स्थापन झाली. मंदीत ती मोडली आणि १९३३ मध्ये त्याच नावाने पुन्हा उभी राहिली. (नीग्रो हा शब्द आज कुणी वापरत नाही, पण लीगचं नाव तेच होतं.) बँका या मालकांना दारात उभं करत नव्हत्या. त्यामुळे बऱ्याच संघांमागचा पैसा 'नंबर्स'चा होता. नंबर्स म्हणजे आपल्याकडच्या मटक्याचाच भाऊ: दोन-पाच सेंट लावायचे, आकडा लागला तर पैसे. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत तो आकडा न्यूयॉर्कच्या बँकांच्या रोजच्या उलाढालीवरून काढत, आणि मुंबईचा मटकाही सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या भावांवर चालायचा.

मालकीणबाई

एब मॅनली यांचा पैसाही नंबर्समधला. १९३२ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मोठ्या लीगच्या अजिंक्यपदाच्या मालिकेच्या वेळी यांकी स्टेडियममध्ये त्यांची एफा यांच्याशी ओळख झाली, पुढच्या वर्षी लग्न झालं आणि १९३५ मध्ये ब्रुकलिन ईगल्स हा संघ निघाला. वर्षभरात तो न्यूआर्कला आला. एब यांना खेळाडू हेरण्याची नजर होती. बाकी सगळं, म्हणजे पगारपत्रक, प्रवासाची व्यवस्था, मैदानाचं भाडं, वर्तमानपत्रांना द्यायच्या बातम्या, करार, लीगच्या बैठकांमधली भांडणं, हे एफा सांभाळायच्या. पुरुषांनी भरलेल्या त्या बैठकांत त्यांचा आवाज बऱ्याच जणांना खुपायचा.

एफा स्वतः आपल्या जन्माबद्दल सांगत की आपली आई गोरी आणि जन्मदाता बापही गोरा होता. पण त्या वाढल्या कृष्णवर्णीय सावत्र वडिलांच्या घरात, सावत्र भावंडांबरोबर, आणि जन्मभर कृष्णवर्णीय म्हणूनच जगल्या. गोऱ्यांमध्ये खपून जाणं त्यांना सहज शक्य होतं. १९३४ मध्ये हार्लेमच्या १२५ व्या रस्त्यावरच्या ब्लूमस्टीन या मोठ्या दुकानासमोर जी चळवळ झाली, तिच्या पुढाऱ्यांत त्या होत्या. मागणी साधी होती: गिऱ्हाईक आमचं, तर विक्रेत्या मुलीही आमच्या घ्या. दुकानाने अखेर घेतल्या. १९३९ मध्ये त्यांनी रूपर्ट स्टेडियमवर झुंडबळींच्या विरोधात एक दिवस पाळला. त्या दिवशी प्रेक्षकांना जागा दाखवणाऱ्या मुलींच्या अंगावरच्या पट्ट्यांवर झुंडबळी थांबवा असं लिहिलेलं होतं.

म्हणजे संघ हा त्यांच्या लेखी नुसता धंदा नव्हता. रविवारी चर्च सुटलं की माणसं तशीच मैदानावर येत, ठेवणीतल्या कपड्यांत, बायका हॅट घालून. सामना संपला की शहरातल्या ग्रँड हॉटेलात खेळाडू आणि चाहते एकत्र बसत. आणि खेळाडू कोण? लॅरी डोबी जवळच्या पॅटरसनच्या शाळेत घडलेला. मॉन्टी आयर्विन ऑरेंजचा. डॉन न्यूकम एलिझाबेथचा. अर्ध्यापाऊण तासाच्या अंतरावरची पोरं. कुणाची तरी मावशी, कुणाचा तरी शाळेतला मास्तर स्टँडमध्ये असायचाच.

मैदान कुणाचं

या प्रकरणातला सगळ्यात बोलका कागद मॅनलींचा नाही, गोऱ्या मालकांचा आहे. रूपर्ट स्टेडियम न्यूयॉर्कच्या यांकी या मोठ्या लीगमधल्या संघाच्या संघटनेचं होतं. तिथे यांकींचा दुय्यम संघ, न्यूआर्क बेअर्स, खेळायचा. बेअर्स परगावी गेले की ईगल्स भाडं भरून खेळत. ऑगस्ट १९४६ मध्ये यांकींचे अध्यक्ष लॅरी मॅकफेल यांच्या समितीने मालकांसाठी एक गोपनीय अहवाल तयार केला. त्यात नोंद आहे की न्यूयॉर्क, न्यूआर्क, कॅन्सस सिटी आणि नॉरफोक इथल्या नीग्रो लीगच्या सामन्यांचं भाडं आणि खाद्यपेयांची विक्री मिळून यांकींना वर्षाला जवळपास १ लाख डॉलर सुटतात. म्हणजे खेळाडूला आत घ्यायचं नाही, पण त्याच्या प्रेक्षकाच्या खिशातला पैसा मात्र चालतो.

त्याच अहवालात पुढे न्यूआर्कचं नाव वेगळ्या संदर्भात येतं. त्या उन्हाळ्यात रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सच्या माँट्रियलमधल्या दुय्यम संघाकडून खेळत होता, आणि तो संघ बेअर्सशी खेळायला याच मैदानावर यायचा. न्यूआर्क आणि बाल्टिमोरमध्ये रॉबिन्सनच्या काही सामन्यांना निम्म्याहून जास्त प्रेक्षक कृष्णवर्णीय होते, असं अहवाल म्हणतो. म्हणतो ते धोक्याची सूचना म्हणून: अशी गर्दी वाढली तर यांकी स्टेडियमसारख्या ठिकाणी संघांची किंमत उतरेल, ही भीती. आणि चांगले खेळाडू काढून घेतले तर नीग्रो लीग बंद पडेल, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पुढे काय होणार हे कुणाला कळलं नव्हतं असं म्हणायला त्यामुळे जागा उरत नाही. १९४६ मध्येच कागदावर होतं ते.

फुकटची खरेदी

डॉजर्सचे सूत्रधार ब्रँच रिकी धोरणी गृहस्थ. १९४५ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या आणखी एका नव्या लीगला पाठिंबा दिला आणि तिच्या आडून खेळाडू पारखायला माणसं पाठवली. ऑक्टोबर १९४५ मध्ये रॉबिन्सन करारबद्ध झाल्याची घोषणा झाली. तोपर्यंत तो मोनार्क्सकडून महिना ४०० डॉलरवर खेळत होता. मोनार्क्सना एक सेंटही मिळाला नाही. रिकींचं म्हणणं होतं की या लीग म्हणजे लीगच नाहीत, तिथले करार म्हणजे करार नव्हेत, सगळा गैरधंदा आहे. १९४६ मध्ये त्यांनी बाल्टिमोरकडून रॉय कॅम्पानेला घेतला आणि ईगल्सकडून न्यूकम. दोघेही पुढे डॉजर्सचे आधारस्तंभ झाले. मॅनलींना न्यूकमपोटी काहीही मिळालं नाही.

इथे दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नीग्रो लीगचे करार खरोखर ढिसाळ होते. मोनार्क्स आणि रॉबिन्सन यांच्यात रीतसर लेखी करारच नव्हता. वेळापत्रकं पाळली जात नसत, मोसमाच्या मध्यात खेळाडू जास्त पैशासाठी मेक्सिकोला निघून जात. ईगल्सचे रे डँड्रिज आणि विली वेल्स तसे गेले होते, आयर्विनही एक मोसम गेला होता. ते गेले कारण न्यूआर्कमध्ये पगार कमी होता आणि तिकडे हॉटेलात राहायला कुणी अडवत नव्हतं. खेळाडूंना बांधून ठेवण्यात मॅनलींनाही गोऱ्या मालकांइतकाच रस होता. हे मान्य करूनही माझं मत रिकींच्या विरोधात जातं. गोऱ्या दुय्यम लीगमधला अगदी सामान्य खेळाडू हवा असता तरी त्यांनी त्याच्या मालकाला पैसे मोजले असते. कराराचा कागद कच्चा होता म्हणून त्यांनी पैसे दिले नाहीत असं नाही. मालक कोर्टात जाऊ शकणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

का नाही जाऊ शकणार? कारण कोर्टात जायचं म्हणजे साठ वर्षांनी उघडलेल्या दाराच्या उंबऱ्यात आडवं पडायचं. मोनार्क्सच्या मालकांनी सुरुवातीला तक्रार केली आणि लोकक्षोभ बघून लगेच मागे घेतली. एफा यांची अवस्था त्याहून बिकट. ज्या बाईने हार्लेममध्ये आमच्या मुलींना नोकऱ्या द्या म्हणून फलक धरले, तिने आपल्याच मुलाला मोठ्या लीगमध्ये जाऊ नको म्हणायचं? त्या तसं कधी म्हणाल्याही नाहीत. त्या फक्त म्हणत होत्या की त्याला न्या, पण आमच्याशी व्यवहार करून न्या. माझ्या दृष्टीने हीच समानतेची मागणी होती. कृष्णवर्णीय खेळाडूची बॅट गोऱ्याच्या बॅटइतकी खरी असेल, तर कृष्णवर्णीय मालकिणीची सहीसुद्धा तितकीच खरी असायला हवी.

पंधरा हजार डॉलर

१९४७ च्या उन्हाळ्यात मोठ्या लीगमधल्या क्लीव्हलँड संघाचे मालक बिल व्हेक यांचा फोन आला. त्यांना डोबी हवा होता. रिकींपेक्षा हा माणूस वेगळा: त्यांनी आपण होऊन पैशाची गोष्ट काढली. १० हजार डॉलर देऊ म्हणाले. एफा यांनी त्यांना ऐकवलं की हाच मुलगा गोरा असता तर तुम्ही १ लाख दिले असते, आणि घासाघीस करायला माझ्या हातात काही नाही हेही मला कळतं. अखेर ठरलं ते असं: आत्ता १० हजार, आणि डोबी संघात टिकला तर आणखी ५ हजार.

४ जुलैला डोबी न्यूआर्कसाठी शेवटचा सामना खेळला. दुसऱ्याच दिवशी, ५ जुलैला, शिकागोत त्याने क्लीव्हलँडचा गणवेश चढवला. रॉबिन्सनला दुय्यम संघात वर्षभर तयारी करायला मिळाली होती. डोबीला एक रात्र मिळाली. ड्रेसिंग रूममध्ये त्याची ओळख करून दिली तेव्हा काही जणांनी हात पुढेच केला नाही. त्या दिवशी तो बदली फलंदाज म्हणून आला आणि बाद झाला. वर्षभराने, १९४८ च्या वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यात, त्याच्या होम रनने क्लीव्हलँड जिंकलं. सामन्यानंतरचा एक फोटो देशभर छापला गेला. विजयी पिचर स्टीव्ह ग्रोमेक, गोरा, आणि डोबी, गालाला गाल लावून हसताहेत. त्या काळात गोरा आणि काळा माणूस इतक्या जवळून, इतक्या मोकळेपणाने हसताना वर्तमानपत्रात दिसत नसत. हा फोटो मी जितक्या वेळा बघतो तितक्या वेळा वाटतं की भिंत पडायलाच हवी होती, त्याच्या बदल्यात काय वाटेल ते गेलं असतं तरी. मग ३५ हजारांचा आकडा आठवतो. तो फोटो आणि तो आकडा एकाच वर्षाचे.

प्रेक्षक गेले

न्यूआर्कहून ब्रुकलिनचं एबेट्स फील्ड म्हणजे हडसन ओलांडून तासाभराचा प्रवास. १५ एप्रिल १९४७ ला रॉबिन्सन तिथे मैदानात उतरला आणि ईगल्सचा रविवार संपला. पिट्सबर्ग कुरियर, शिकागो डिफेंडर यांसारख्या कृष्णवर्णीयांच्या ज्या वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं भिंतीविरुद्ध लिहिलं, त्यांनी साहजिकच आपले रकाने रॉबिन्सनला दिले. त्याने किती हिट मारले, किती बेस चोरले, हे लोकांना रोज हवं होतं. कृष्णवर्णीय संघांच्या बातम्या आत गेल्या, मग लहान झाल्या.

लोकांना दोष देता येत नाही. साठ वर्षं बंद असलेलं दार उघडलं तर माणूस आत डोकावणारच. शिवाय १९४६ हे वर्षच वेगळं होतं. युद्ध संपलेलं, हातात पैसा, सैनिक परत आलेले. सगळ्याच मैदानांवर विक्रमी गर्दी होती. त्यामुळे त्या आकड्याशी तुलना केली की घसरण आहे त्याहून मोठी दिसते. पुढे टीव्ही आला, मोठे सामने घरबसल्या दिसू लागले, आणि त्याच मैदानावरचे गोरे न्यूआर्क बेअर्ससुद्धा १९४९ नंतर गाव सोडून गेले. पण बेअर्सच्या मागे यांकी होते. खेळाडू दुसऱ्या संघात लागले, मालकांचं काही बुडालं नाही. ईगल्सच्या मागे फक्त मॅनलींची बचत होती. कृष्णवर्णीय लीगने आपल्याला रीतसर दुय्यम लीग म्हणून सामावून घ्या अशी मागणी केली, तीही मान्य झाली नाही. तसं झालं असतं तर ईगल्स आजच्या भाषेत फीडर क्लब झाले असते, मोठ्या संघाच्या पैशावर चालले असते. बिझ मॅकीसारखा प्रशिक्षक कामावर राहिला असता. मॅकीने कॅम्पानेलाला यष्टिरक्षणाची कला शिकवली होती. आणि १९४६ चं अजिंक्यपद त्याच्याच हाताखाली आलं. मोठ्या लीगमधल्या कुठल्याही संघाने त्याला व्यवस्थापक (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) सोडा, साधा कोच म्हणूनही घेतलं नाही. मोठ्या लीगने पहिला कृष्णवर्णीय कोच १९६२ मध्ये नेमला आणि पहिला व्यवस्थापक १९७४ मध्ये. खेळाडूंसाठी दार उघडलं. ज्यांनी खेळाडू घडवले, हिशेब ठेवले, बस चालवली, त्यांच्यासाठी नाही.

दोन लेख

जून १९४८ मध्ये रॉबिन्सनने 'एबनी' मासिकात लेख लिहून नीग्रो लीगवर तोफ डागली. पगार कमी, बसचा प्रवास जीवघेणा, हॉटेलं घाणेरडी, पंच बेशिस्त, मालकांचे धंदे संशयास्पद. यातलं बरंचसं खरं होतं आणि ज्याने ते सोसलं त्याला बोलायचा हक्क होता. एफा यांनी ऑगस्टमध्ये 'अवर वर्ल्ड' या मासिकात उत्तर दिलं. त्यांनी रॉबिन्सनला सरळ कृतघ्न म्हटलं. ज्या लीगने तुला जगासमोर आणलं तिच्यावर थुंकतोस? आणि हॉटेलं घाणेरडी होती ती मालकांनी निवडली म्हणून का? चांगल्या हॉटेलांची दारं बंद होती म्हणून.

मला या वादात एफा यांचा युक्तिवाद भक्कम वाटतो, त्यांचा राग मात्र चुकीच्या माणसावर निघाला असं वाटतं. रॉबिन्सनने त्या वर्षी जे सहन केलं, मैदानावरच्या शिव्या, धमकीची पत्रं, त्याच्यापुढे कुठल्याही मालकाने हिशेब मांडू नये. ज्याच्याकडून येणं होतं तो ब्रुकलिनच्या ऑफिसात बसला होता. आणि तरुण खेळाडू आणि जुनी मालकीण एकमेकांशी भांडताहेत, यात त्याची सोयच होती.

त्याच हिवाळ्यात रिकींनी आयर्विनलाही तसंच उचलायचा प्रयत्न केला. या वेळी एफा यांनी वकील गाठला. संघ विकायला निघालेला, गमावण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. कोर्टाची भाषा ऐकताच डॉजर्सनी आयर्विनला सोडून दिलं, आणि न्यूयॉर्क जायंट्सनी त्याच्यासाठी मॅनलींना ५ हजार डॉलर दिले. म्हणजे करार कच्चे आहेत हे कारण वकिलाच्या एका पत्रापुरतंही टिकलं नाही. त्यानंतर मोठ्या संघांनी पैसे द्यायला सुरुवात केली. १९५० मध्ये विली मेज आणि १९५२ मध्ये हँक ॲरन यांच्या कृष्णवर्णीय संघांना प्रत्येकी १० हजारांच्या आसपास मिळाले. बेसबॉलच्या इतिहासातले दोन सर्वश्रेष्ठ खेळाडू, आणि भाव डोबीच्या वेळचाच.

नीग्रो नॅशनल लीग १९४८ च्या मोसमानंतर विसर्जित झाली. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने जाहीर केलं की १९२० ते १९४८ या काळातल्या नीग्रो लीग मोठ्या लीगच्या दर्जाच्या होत्या, आणि २०२४ मध्ये तिथले आकडे अधिकृत नोंदींत मिळवले गेले. रिकी ज्यांना लीगच मानत नव्हते, त्या आता मेजर लीग आहेत. एफा यांनी उतारवयात हॉल ऑफ फेमला, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या दालनाला, पत्रांमागून पत्रं पाठवली, ती स्वतःसाठी नव्हती, आपल्या काळातल्या खेळाडूंसाठी होती. १९८१ मध्ये त्या लॉस एंजेलिसमध्ये वारल्या. २००६ मध्ये त्यांची स्वतःची निवड झाली. हॉल ऑफ फेममध्ये आलेली ही पहिली स्त्री, आणि आजवरची एकमेव.

आयर्विनच्या त्या ५ हजारांतले निम्मे वकिलाला गेले. आपल्या वाट्याला आलेल्या पैशांतून एफा यांनी मिंकच्या फरची एक शाल घेतली. पुढे कितीतरी वर्षांनी आयर्विन भेटला तेव्हाही ती शाल त्यांच्याकडे होती, आणि तुझ्या पैशातून घेतलेली ती हीच, असं त्यांनी त्याला दाखवलं, अशी आठवण सांगितली जाते.